अशनी पिस्तूल की निर्भीक रिव्हॉल्वर?

९ मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतला व्यास), त्यामुळे मुंबईच्या परवानाधारकासमोर बहुतेकदा .३२ चाच पर्याय उरतो. नाव एक असलं तरी काडतूस एक नाही: अशनीला .३२ एसीपी लागतं, निर्भीकला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. खरेदीच्या वेळी काडतुसाचं नाव पूर्ण सांगा.

लपवायला अशनी सरस. चपटं असल्याने पातळ सुती शर्टाखालून दिसत नाही. निर्भीक जेमतेम अर्धा किलोचं, पण सिलिंडरचा (गोळ्यांच्या फिरत्या कप्प्यांचा) फुगवटा कमरेवर उठून दिसतो.

अशनीची अडचण मॅगझिनमध्ये आहे. एसीपी काडतुसाची मागची कड किंचित बाहेर असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली की दोन्ही अडकतात आणि पिस्तूल ऐन वेळी पुढची गोळी घेत नाही. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढेच बसवा. निर्भीकमध्ये ही भानगडच नाही. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा ट्रिगर ओढायचा, पुढचा कप्पा समोर येतो. मात्र सहाच गोळ्या, आणि ट्रिगर जड, म्हणून नेम उजवी-डावीकडे सरकतो.

घाम आणि खारी हवा दोन्हींना छळते. चामड्याच्या होल्स्टरमध्ये रात्रभर ठेवू नका, ओल धरून गंज चढतो. पावसाळ्यात रोज कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा अगदी पातळ हात द्या.

महिन्यातून एकदाही नेमबाजीच्या रेंजवर जाणं जमत नसेल, तर निर्भीकच घ्यावं. नियमित सराव असेल तर अशनी.