संत्र्या-मोसंबीची सालं नेणारी पिकअप सर्व्हिस – 4 स्टार

मार्केट यार्डाजवळ आमचं ज्यूस सेंटर आहे, उन्हाळ्यात रोज पोती भरून सालं निघतात आणि दुपारपर्यंत नुसती चिलटं, म्हणून ही सर्व्हिस लावली. त्यांचं युनिट बघून आलो, भारी वाटलं खरंच! आधी वाफेवर सालांमधलं तेल काढतात, संत्र्याच्या तेलात 90 टक्क्यांच्या वर लिमोनीन (संत्र्यासारख्या वासाचं द्रव्य) असतं, ते क्लीनर आणि सेंटमध्ये जातं, मग चोथा वाळवून हवा न लागू देता साधारण 500 डिग्रीला तापवतात, त्याची वाफ थंड केली की काळपट बायो-ऑइल मिळतं, खाली कोळसा उरतो. हे ऑइल आम्लधर्मी, त्यात पाणीही भरपूर, त्यामुळे इंधन म्हणून थेट गाडीत चालत नाही हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, ते आवडलं. फक्त पावसात दोनदा गाडी आलीच नाही, फोनही उचलला नाही, सगळी सालं कुजली, म्हणून एक स्टार कमी.