निलगिरी: टेरेटिकॉर्निस की कॅमाल्ड्युलेन्सिस?

साल किंवा पानं बघून निलगिरीच्या या दोन जातींतला फरक ओळखायला जाल तर हमखास फसाल. कळीची टोपी बघा. टेरेटिकॉर्निसची टोपी लांब, निमुळती, शिंगासारखी, कळीच्या खालच्या पेल्यासारख्या भागाच्या दुप्पट-तिप्पट. कॅमाल्ड्युलेन्सिसची आखूड, टोकाला चोच काढलेली. कळ्या नसतील तर पिकलेलं बोंड तळहातावर झटका: काळपट बी टेरेटिकॉर्निसचं, पिवळसर कॅमाल्ड्युलेन्सिसचं. सोबत पडणारा तांबूस भुसा म्हणजे वांझ बी. त्याच्या रंगावर जाऊ नका.

‘म्हैसूर गम’ म्हणून आपल्याकडे लावली गेली ती मुख्यतः टेरेटिकॉर्निस. पाणी साचणाऱ्या, खारवट जमिनीत मात्र कॅमाल्ड्युलेन्सिसच सरस. ऑस्ट्रेलियात ती नदीकाठचीच. शेजारी लावल्या तर संकर होतो, म्हणून अशा झाडांचं बी रोपवाटिकेला घेऊ नये. रोपं एकसारखी येत नाहीत.