फायबरचा हाफ बोन सेट: घ्या, पण दुकानात जाताना झाडूची काडी घेऊन जा

भावाची मुलगी यंदा इथेच ग्वाल्हेरला एमबीबीएसला लागली आणि कॉलेज सुरू व्हायच्या आतच बोन सेट, म्हणजे अभ्यासासाठीचा हाडांचा संच, हवा म्हणून मागे लागली, तर कंपूजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानातून फायबरचा हाफ सेट घेतला, साडेचार हजार पडले. मी स्वतः २६ वर्षं डिसेक्शन हॉलमध्ये (जिथे मृतदेहावर शरीररचना शिकवतात) पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवलंय, त्यामुळे एकेक हाड उलटंपालटं करून बघितलं, आणि आता दोन महिने ती त्यावर अभ्यास करतेय, म्हणून लिहिते.

हाफ सेट म्हणजे कवटी खालच्या जबड्यासकट, मणके सगळे, बरगड्या आणि हातपाय एकाच बाजूचे, स्टर्नम (छातीचं मधलं हाड), सेक्रम (कण्याचं खालचं त्रिकोणी हाड), हिप बोन. मणके खरंच सुरेख केलेत. ॲटलसला (मानेचा पहिला मणका) बॉडी, म्हणजे पुढचा जाड भाग, नसते आणि ॲक्सिसचा (दुसरा मणका) डेन्स, म्हणजे दातासारखा उंचवटा, वर येऊन त्याच्या रिंगमध्ये बसतो हे वाचून कितीही पाठ करा, पण दोन्ही एकमेकांवर ठेवून फिरवले की मान कशी वळते ते लगेच कळतं, आणि इथे ते नीट बसतात. स्कॅप्युला (खांद्याचं पातं) पातळ असूनही मजबूत आहे, पडला तरी काही होत नाही. आमच्या वेळी सिनियरकडून खरी हाडं मिळायची, कवटीचा स्टायलॉइड प्रोसेस (खालचं बारीक टोकदार हाड) हमखास तुटलेला, आणि माझ्या आईने ती पिशवी कधी घरात आणू दिली नाही, गच्चीवरच्या खोलीत बसून अभ्यास करायचा. तेव्हा आपल्या देशातून सांगाडे परदेशात सुद्धा जायचे, १९८५ मध्ये सरकारने ती निर्यात बंद केली. आता या पोरीचा सेट तिच्या टेबलावर असतो आणि तीच आजी रोज त्याच्यावरची धूळ पुसते. घरात हाड ठेवता येणं ही फार मोठी सोय आहे, रात्री बाराला शंका आली तरी हाड हाताशी असतं.

आता तक्रार. तिसऱ्या दिवशी रात्री अकराला तिचा फोन, अगदी रडवेली, "आत्या, फिब्युला मला जमतच नाहीये गं, फॅसेट आतल्या बाजूला घेतला की फॉसा पुढे येतो, पुस्तकात मागे लिहिलंय." फिब्युला म्हणजे पोटरीतलं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, फॅसेट म्हणजे सांध्याचा गुळगुळीत भाग आणि फॉसा म्हणजे खड्डा. दीड तास बसली होती बिचारी. मी सकाळी जाऊन बघितलं तर सेट सगळा उजव्या बाजूचा आणि फिब्युला डावा! मॅलिओलस (घोट्याकडचं टोक) खाली धरा, त्याचा त्रिकोणी फॅसेट आत, म्हणजे टॅलस या घोट्याच्या हाडाकडे, आणि मॅलिओलर फॉसा मागे, असं बसत नसेल तर हाड दुसऱ्या बाजूचं. तिचं सगळं बरोबर होतं, पण नवीन पोर आधी स्वतःलाच चुकीचं समजतं, हाडावर शंका घेत नाही. दुकानदाराने बदलून दिला, कटकट केली नाही. पण ज्या गावात गजराराजा मेडिकल कॉलेजात बी. डी. चौरसिया सर शिकवायचे, ज्यांचं शरीररचनेचं पुस्तक उशाशी घेऊन देशभरातली मुलं पहिलं वर्ष काढतात, तिथे बाजू न तपासता सेट पॅक होतो याचं मला मनापासून वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे साच्याची शिवण. टिबियावर (नडगीचं हाड) आणि ह्युमरसवर (दंडाचं हाड) वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ आहे, ती हाडाची बॉर्डर नाही, दोन अर्धे जोडल्याची खूण आहे. पोरगी तिला टिबियाची इंटरऑसियस बॉर्डर, म्हणजे फिब्युलाकडची कड, समजून बसली होती. बारीक पॉलिश पेपरने घासून टाका. हाताची हाडं तारेत इतकी घट्ट ओवलीत की स्कॅफॉइडचे फॅसेट दिसतच नाहीत, कार्पल्ससाठी (मनगटाची छोटी हाडं, स्कॅफॉइड त्यातलंच) हा सेट विसरा.

आणि कवटी. मी मुलांना नेहमी झाडूची काडी घेऊन बसवायचे, कवटीच्या आतून भोकात काडी घालायची आणि बाहेर कुठे निघते ते बघायचं, कुठली नर्व्ह (मज्जातंतू) कुठून कुठे जाते ते पुन्हा कधी विसरत नाही. या कवटीत फोरामेन ओव्हेल या भोकातून काडी खाली बाहेर येते, पण रोटंडम आणि स्पायनोसम ही दुसरी दोन भोकं म्हणजे नुसते खड्डे आहेत, काडी आत जाऊन अडते. स्पायनोसममधून मिडल मेनिंजियल आर्टरी ही रक्तवाहिनी आत शिरते, पुढे पॅरायटलच्या (कवटीच्या वरच्या बाजूचं हाड) आतून तिची खोबण जाते, कानशिलाजवळ टेरियन या जागी हाड पातळ असतं आणि तिथे मार लागून ती फाटली की कवटीच्या आत रक्त साठत जातं. हेल्मेट न घालता पडलेला माणूस आधी बरा बोलतो आणि मग बेशुद्ध होतो, त्यातल्या कितीतरी केसेसमागे हीच आर्टरी असते. ते भोक साच्यात बुजलेलं चालत नाही हो.

आणखी एक, फायबरचं हाड एकाच माणसाचं, एकाच वयाचं. खऱ्या हाडांच्या पेटीत म्हाताऱ्या माणसाचा जबडा हातात येतो, दात गेलेले, वरची कड झिजलेली, त्यामुळे मेंटल फोरामेन (हनुवटीच्या बाजूचं भोक) वरच्या कडेशी आलेलं. तरुण माणसाच्या जबड्यात ते साधारण मध्यावर असतं. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) असा जबडा समोर आला की नुसत्या फायबरवर शिकलेलं मूल गप्प होतं. म्हणून मी तिला सांगितलंय की आठवड्यातून दोनदा डिपार्टमेंटमध्ये जायचं, मॅडमना विचारून खरी हाडं काढून घ्यायची, तेच हाड घरच्या सेटमधलं सोबत न्यायचं आणि शेजारी ठेवून फरक वहीत लिहायचा. हाडाला नमस्कार करून मग हात लावायचा, हे पण सांगितलं, कोणाचं तरी आहे ते.

पाचपैकी साडेतीन देते. मणके, हिप बोन, लांब हाडं यासाठी पैसे वसूल. घेताना दुकानातच डबा उघडायला लावा, फिब्युला आणि क्लॅव्हिकलची (गळ्याजवळचं हाड) बाजू बघा, कवटीचं झाकण उघडून स्पायनोसममध्ये काडी घाला, जात नसेल तर दुसरी कवटी मागा, मी गेले तेव्हा त्यांच्याकडे आणखी चार होत्या आणि एकीत काडी आरपार गेली, तेव्हा तीच बदलून आणली.