‘चेअरमनला भेटू नका’ म्हणणारा दलाल आणि आमचे ४१,५०० रुपये

टोकनचे ५,०००. डिपॉझिटचे उरलेले १७,०००. पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं ११,०००. दलाली ५,५००. कराराचा खर्च १,८०० आणि ‘पोलीस नोंदणी’चे १,२००. एकूण ४१,५०० रुपये वडोदऱ्याच्या निझामपुऱ्यातल्या एका फ्लॅटपायी गेले, आणि तो फ्लॅट देणाऱ्याच्या मालकीचा नव्हताच. एम.एस्‌सी.साठी बाहेरगावाहून आलेल्या भाचीकरता घेतला होता. घर पाहायला आम्ही सगळे वडोदऱ्यातच वाढलेले लोक गेलो होतो. सांगायला लाज वाटते, पण जून-जुलैत सयाजीराव विद्यापीठाचे प्रवेश सुरू झाले की हीच माणसं हेच फ्लॅट घेऊन पुन्हा उभी राहतात, म्हणून लिहितोय.

फौजी गणवेशातला फोटो, ‘माझी बदली झाली आहे’, आधी एक रुपया पाठवतो मग क्यूआर स्कॅन करा, घर पाहण्याआधी गेटपासचे पैसे भरा, हे प्रकार एव्हाना सगळ्यांना माहीत आहेत. पैसे घ्यायला पिन लागत नाही, तो फक्त द्यायला लागतो, एवढं कळलं की त्यातून माणूस वाचतो. आमच्या बाबतीत घर खरं होतं, कुलपाला लागलेली चावी खरी होती आणि समोरचा माणूस दांडिया बाजारातल्यासारखं अस्सल बडोदी मराठी बोलत होता. ‘काका, आपल्याच माणसांना देतोय, बाहेरच्याला दिला असता तर दोन हजार जास्त आले असते.’

वडोदऱ्यात मालक अमेरिकेत किंवा कॅनडात आणि फ्लॅट कुलूपबंद, अशी घरं सोसायटी-सोसायटीत आहेत. चावी कुणा लांबच्या नातेवाइकाकडे असते, नाहीतर अधूनमधून झाडलोट करून घेणाऱ्याकडे. ती एकदा हाती आली की फसवणाऱ्याचं निम्मं काम झालं. काही जण आधी स्वतःच दोन-तीन महिने भाड्यानं राहतात आणि मग मालक होऊन तेच घर दुसऱ्यांना दाखवतात. एकाच घराची टोकनं तीन-चार जणांकडून घ्यायची, तारखा मागेपुढे द्यायच्या आणि पहिला भाडेकरू सामान घेऊन येईपर्यंत नंबर बंद करायचा. भाची राहायला गेली त्याच आठवड्यात दुसरं एक कुटुंब त्याच फ्लॅटचा करार हातात घेऊन दारात उभं राहिलं. मग मालकाचे खरे नातेवाईक आले आणि दोघांनाही बाहेर पडावं लागलं.

कळायला हवं होतं ते जिन्यात. फ्लॅट पाहून उतरताना आम्ही म्हटलं, चेअरमनना भेटूनच जातो. त्यावर तो चटकन म्हणाला, ‘चेअरमनला भेटू नका. इथे बॅचलर चालत नाहीत. कुणी विचारलं तर मालकाच्या नात्यातली आहे म्हणा, महिन्या-दोन महिन्यांत सगळे ओळखीचे होतात, मग काही प्रश्न नाही.’ हे वाक्य आता झोपू देत नाही. सगळा डाव त्याच वाक्यावर उभा होता. शेजारच्यांशी, चेअरमनशी, वॉचमनशी दोन मिनिटं बोललो असतो तरी हा माणूस कोण ते बाहेर आलं असतं, म्हणून ते दार त्यानं आधीच बंद केलं आणि बंद केलंय असं वाटूही दिलं नाही.

घरबसल्या ‘एवढं कसं कळलं नाही?’ विचारणाऱ्यांना एक सांगायचं आहे. एकट्या मुलामुलींना घर नाकारणाऱ्या सोसायट्या या शहरात किती आहेत ते एकदा फिरून बघा. त्याआधी पाहिलेल्या घरांतून हेच ऐकलं होतं: विद्यार्थी नकोत, एकटी मुलगी नको, मांसाहार करणार का, रात्री किती वाजता येणार. अशा गावात ‘चेअरमनला सांगू नका’ हे खोटं वाटतच नाही, उलट माणूस आपली अडचण समजून मदत करतोय असं वाटतं. फसवणाऱ्यांना ही भीती आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. म्हणून सोसायटीपासून लपून राहायला सांगणारा कितीही गोड बोलो, टोकनसुद्धा देऊ नका. जी सोसायटी विद्यार्थी घेत नाही, तिथे असंही वर्षभर टिकता येत नाही.

आता कागद. त्यानं लाइट बिल दाखवलं होतं, एमजीव्हीसीएल या इथल्या वीज कंपनीचं, त्यावर सोसायटीचं नाव बरोबर. बिलावर मीटर क्रमांक छापलेला असतो आणि बहुतेक इमारतींत जिन्याखाली मीटरची रांग असते. खाली जाऊन क्रमांक जुळवायला अर्धं मिनिट लागतं. नंतर जुळवला तेव्हा ते बिल त्याच जिन्यातल्या दुसऱ्या फ्लॅटचं निघालं. फ्लॅटचा आकडा असलेल्या कोपऱ्यावर घडी घालून फोटो काढला होता, बाकी सगळा कागद सपाट. घडी घातलेल्या, कडा कापलेल्या किंवा अंगठ्यानं झाकलेल्या फोटोवर काहीही मान्य करू नका, पूर्ण बिल मागा. बिल दोन महिन्यांचं येतं. वापराचे युनिट जवळपास शून्य असतील तर घर बंद होतं, मग ‘आधीचे भाडेकरू गेल्याच महिन्यात गेले’ ही कथा कुठून आली ते तोंडावर विचारा.

लाइट बिलावरचं नाव, महापालिकेच्या वेराबिलावरचं (घरपट्टीच्या बिलावरचं) नाव, सोसायटीच्या मेन्टेनन्स पावतीवरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात जाणार त्या खातेदाराचं नाव ही चारही एकच हवीत. आमचे पैसे तीन वेगवेगळ्या यूपीआय नावांवर गेले. टोकन एकाच्या, डिपॉझिट, भाडं आणि दलाली दुसऱ्याच्या, करार-नोंदणीचे ३,००० तिसऱ्याच्या. ‘माझं लिमिट संपलंय, भाच्याच्या नंबरवर टाका.’ पिन टाकण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं. ते मालकाचं नसेल तर तिथेच थांबा, मागे कितीही घाई चाललेली असो.

मालक परदेशात असेल तर मुखत्यारपत्र (त्याच्या वतीनं सही करायचा अधिकार देणारा कागद) दाखवतात, आणि इथे बहुतेक जण गप्प बसतात कारण ते कसं दिसतं हे कुणालाच माहीत नसतं. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर तिथल्या भारतीय वकिलातीची साक्ष किंवा तिथल्या नोटरीची सही आणि अपोस्टिल (ती सही खरी असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) असतं, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर इथली स्टॅम्प ड्यूटी भरावी लागते. आमच्यासमोर आला तो गुजरातचा ३०० रुपयांचा ई-स्टॅम्प, वडोदऱ्यातच घेतलेला, आणि मालक म्हणे पाच वर्षांत भारतात आलेला नाही. मग त्या कागदावर सही कुणी केली? गुजरातमध्ये कागदी स्टॅम्पपेपर १ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाले. ई-स्टॅम्पवर प्रमाणपत्र क्रमांक, खरेदी कुणी केली, पहिला पक्ष, दुसरा पक्ष आणि तारीख छापलेली असते. तो क्रमांक ई-स्टॅम्पची नोंद ठेवणाऱ्या स्टॉक होल्डिंग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की खरा की बनावट ते कळतं. आमच्या करारावरचा क्रमांक खरा होता, फक्त त्यातल्या पहिल्या पक्षाचं नाव वेगळं होतं.

परदेशातल्या मालकाला इथलं भाडं साधारणपणे त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं इथलं बँक खातं) जातं, म्हणून त्या खात्याचा तपशील मागा. भाड्यातून आयकर कापून भरण्याची जबाबदारी अशा वेळी भाडेकरूवर येते, हेही ठाऊक असू द्या. खरा मालक या प्रश्नांनी चिडत नाही, त्याला ते सवयीचे असतात. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करायची असते ती मालकानं. त्यासाठी तुमच्याकडून १,२०० रुपये मागायचं काहीही कारण नाही.

भागाबद्दल. ‘युनिव्हर्सिटीजवळ’ या शब्दावर जाऊ नका, विद्यापीठ एका जागी नाहीच. सायन्स आणि लॉ फतेहगंजच्या बाजूला, इंजिनिअरिंग कलाभवनला, परफॉर्मिंग आर्ट्स सूरसागरच्या काठी. गतिशक्ती विश्वविद्यालय लालबागला. पारुल विद्यापीठ तर शहराबाहेर वाघोडिया रस्त्यावर लिमड्याला. कलाभवनला जाणाऱ्या पोरांना समा-सावली रस्त्यावरचं घर ‘युनिव्हर्सिटीपासून दहा मिनिटं’ म्हणून गळ्यात मारतात. कलाभवनसाठी दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, राजमहाल रस्ता इथल्या जुन्या घरांतल्या खोल्या बघा. लालबागसाठी प्रतापनगर, मांजलपूर. फतेहगंजला जायला सोपं पण भाडं चढं, निझामपुरा आणि छाणी जकातनाका त्यामानानं स्वस्त. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी मालक वरच्या मजल्यावर राहतो अशीच खोली घ्या, मग ती जुनी असो, नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असो. तिथे मालक कोण हा प्रश्नच उरत नाही.

तळमजला मात्र नीट पाहून घ्या. विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्या वर गेलं आणि समा, फतेहगंज, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा या भागांतल्या कितीतरी सोसायट्या बुडाल्या. तेव्हापासून असे तळमजल्याचे फ्लॅट रिकामे पडतात आणि नेमके तेच बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना दाखवले जातात. कंबरेपर्यंतच नवा रंग, खालून फुगलेली दाराची चौकट, जमिनीपासून चार-पाच फुटांवर नेलेले प्लग, कंपाउंडच्या भिंतीवर सगळीकडे एकाच उंचीला गेलेली मातकट रेघ, यातलं काहीही दिसलं तर पहिल्या मजल्यावरचं शोधा. ही फसवणूक म्हणून पोलिसांत नोंदवता येत नाही, पण नुकसान तेवढंच होतं.

आता पोलीस. प्रकार कळला त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवली, आणि तिसऱ्या खात्यातले ३,००० तेवढे गोठले. उरलेले ३८,५०० दोन्ही खात्यांतून आधीच पुढे गेले होते. फोन जितका लवकर तितकं खातं भरलेलं सापडतं, म्हणून आधी १९३० आणि मग घरच्यांशी चर्चा. गोठलेले पैसेही आपोआप परत येत नाहीत. स्थानिक ठाण्यात गेलो तर ‘आ तो सिव्हिल मॅटर छे, भाडाना करारनो झगडो छे, वकील करो.’ कसला करार? ज्याच्याशी करार झाला त्याचं नाव खोटं, कागद खोटा, मालकी खोटी! यात दिवाणी काय आहे? तिथून सायबरवाल्यांकडे पाठवलं. ते म्हणाले, तुम्ही घर डोळ्यांनी पाहिलंत, माणूस समोर होता, पिन तुम्हीच टाकलात, हा सायबरचा गुन्हा नाही, ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर साहेब बंदोबस्ताला. बँकेनं सरळ कानावर हात ठेवले: व्यवहार तुमच्या संमतीनं झालेला आहे. शेवटी ठाण्यात ‘अरजी’ घेतली आणि आम्हाला वाटलं गुन्हा दाखल झाला. अरजी म्हणजे गुन्हा नव्हे. अरजीवर शिक्का मारतात, ती फाइलला लागते, आणि विचारायला गेलं की ‘तपास चालू छे’ एवढंच उत्तर येतं. दुसऱ्या कुटुंबाचीही अरजीच घेतली, आणि दोन्ही एकाच फ्लॅटच्या, एकाच माणसाविरुद्धच्या आहेत हे तिथल्या टेबलावर आम्हीच दाखवून दिलं. त्यावरही कुणी नोंद केली नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांकडून लाखो रुपये असे जातात आणि त्यांना ‘पाहून घर घ्यायला काय झालं होतं?’ हे ऐकवायला मात्र सगळ्यांना वेळ असतो.

म्हणून तयारीनं जा. भारतीय न्याय संहितेत फसवणूक कलम ३१८ खाली येते, दुसराच कुणी असल्याचं भासवून केलेली फसवणूक ३१९ खाली, आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणं ३४० खाली. हे आकडे तक्रारीत लिहून न्या, म्हणजे ‘सिव्हिल मॅटर’ म्हणणं अवघड जातं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवावीच लागते आणि तिची प्रत फुकट मिळते. नाकारलं तर तेच लेखी पोस्टानं वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवता येतं, आणि तरीही हालचाल झाली नाही तर कलम १७५ खाली प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती जपून ठेवा, तिच्याशिवाय तो अर्ज पुढे सरकत नाही. आमचं प्रकरण आता वरिष्ठांना पाठवलेल्या त्या पत्राच्या टप्प्यावर आहे.

ठाण्यात नेण्यासाठी यूपीआयचे व्यवहार क्रमांक असलेलं बँकेचं स्टेटमेंट लागतं, नुसते स्क्रीनशॉट चालवून घेत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं त्या माणसानं दोन्हीकडून पुसण्याआधी एक्स्पोर्ट करून ठेवा. फ्लॅटचा, मीटरचा आणि चावीचा फोटो, खऱ्या वेराबिलाची प्रत आणि चेअरमनचं ‘या माणसाशी सोसायटीचा संबंध नाही’ असं सहीशिक्क्याचं पत्रही सोबत घ्या. चेअरमन ते पत्र देतात. आम्हाला त्यांनी मागितल्याबरोबर दिलं, आणि मालकाचा अमेरिकेतला नंबरही त्यांच्याच वहीत होता.