डिचोलीकडे स्वस्तात घर घेताय? आधी हे वाचा

गोव्यात अठरा लाखांत परसासकट कौलारू घर म्हटल्यावर कुणालाही शंका यावी. आम्हालाही आली. पण एजंटाकडे उत्तर तयार होतं आणि ते निम्मं खरं होतं. गाव डिचोली तालुक्यातल्या खाणपट्ट्यातलं. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या, मध्यंतरी थोड्या चालल्या. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प. दारातले ट्रक गंजले, ड्रायव्हरांना भाड्याने दिलेल्या खोल्या रिकाम्या पडल्या. "लोकांना पैशाची नड आहे ताई, म्हणून भाव पडलाय. आता मोपाला विमानतळ झालाय, बघा दोन वर्षांत दुप्पट." आम्ही बेळगावची माणसं, चोर्ल्याचा घाट उतरलं की पोचलो. निवृत्तीनंतर राहायला जागा हवी होती, घर मनात भरलं.

फाईलमध्ये पंचायतीची घरपट्टीची पावती, विजेचं बिल, फॉर्म एक व चौदाची (गोव्यातला जमिनीचा उतारा) झेरॉक्स आणि घरवाल्याने एजंटाला दिलेलं मुखत्यारपत्र. पावती, बिल आणि घरवाल्याचं नाव तंतोतंत जुळत होतं. झेरॉक्सवर सर्व्हे नंबर बरोबर, पण पुढचा उपविभागाचा आकडा काळा पडलेला. "मशीनची शाई सांडली हो," एजंट म्हणाला. कब्जेदार म्हणून एकच नाव, त्याच आडनावाचं. "हे ह्यांचे आजोबा." आम्ही तीन लाख दिले. दोन चेकने, एक रोख, कारण म्हणे घरवाल्याला सोसायटीचं कर्ज तातडीने फेडायचं होतं. स्टँपपेपरवर करार झाला, नोटरीचा शिक्का बसला. नोंदणी "खरेदीखताच्या वेळी एकदमच करू".

खरेदीखताचा मसुदा करायला डिचोलीच्या एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी झेरॉक्स बाजूला सारली आणि भूमी-अभिलेखाच्या वेबसाईटवर उतारा काढला. ज्या उपविभागाचा कागद आम्हाला दिला होता, तो शेजारच्या काजूच्या भाटाचा, म्हणजे बागेचा, होता! घराखालच्या जमिनीवर कब्जेदार म्हणून भलत्याच कुटुंबातली सात नावं, आणि 'इतर हक्कां'च्या रकान्यात घरवाल्याच्या वडिलांचं नाव, मुंडकार म्हणून.

गोव्याबाहेरच्यांना हे कळणं अवघड आहे, म्हणून सांगते. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहणारा. १९७५ च्या कायद्याने त्याला कुणी सहजासहजी हुसकावू शकत नाही. घर आणि भोवतालची ठरावीक जागा तो विकतही घेऊ शकतो. पण त्यासाठी मामलतदारापुढची प्रक्रिया पुरी होऊन तसा दाखला हातात यावा लागतो. तोवर जमीन भाटकाराची. घरपट्टी तो कितीही वर्षं भरत असला तरी पावतीने मालकी येत नाही. घरातल्या म्हाताऱ्याला नंतर विचारलं तर त्यांनी न अडखळता सांगितलं, "घर आमचें, जागा भाटकाराची." त्यांनी काही लपवलंच नव्हतं. एजंटाने त्यांची आमची भेटच टाळली होती. दर वेळी "बाबा दवाखान्यात गेलेत".

मुखत्यारपत्रही कुचकामी. त्यावर नवऱ्याची सही होती, बायकोची नाही. गोव्यात लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची सामाईक असते. जोडीदाराच्या संमतीशिवाय घर विकता येत नाही. आमच्याकडच्या सातबाराच्या सवयीने बघणाऱ्याला ही सही आठवतच नाही, आणि असले एजंट नेमके बाहेरचं गिऱ्हाईक धरतात.

"खाणी आता कायमच्या बंद" हे एजंटाचं म्हणणंही खोटंच. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार पट्ट्यांचा लिलाव झाला, डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ मध्ये काम पुन्हा सुरू झालं. घरं आणि देवळं लीजच्या हद्दीतून वगळा म्हणून तिथल्या मुळगाव या गावचे लोक भांडताहेत. आम्हाला दाखवलेलं घरही अशाच एका हद्दीत येतं. सर्व्हे नंबर घेऊन खाण खात्याकडे विचारलं असतं तर हे एका दिवसात कळलं असतं, पण एजंट तिकडे कशाला नेईल? पडलेल्या भावाचं हेही एक कारण होतं, आणि ते तेवढं त्याने गाळलं.

चेकचे दोन लाख वकिलाच्या नोटिशीनंतर हप्त्यांनी परत आले. रोख लाखाचा पुरावा नाही. एजंट ते घेतल्याचंच नाकारतो. पोलिसांनी आधी "ही दिवाणी बाब आहे" म्हणून वाटेला लावलं. शेजारच्या जमिनीचा उतारा आणि खरा उतारा शेजारी शेजारी ठेवल्यावर तक्रार घेतली. चौकशी चालू आहे.

घराची जाहिरात मात्र अजून व्हॉट्सॲपवर फिरते, किंमत चार लाखांनी वाढवून. तिथे तळ्याकाठचं घर असं लिहिलंय. ते तळं म्हणजे पाणी साचलेली जुनी खाण आहे, कुणी पाठवलीच जाहिरात तर एवढं ध्यानात ठेवा. आणि झेरॉक्स घेऊ नका, उतारा स्वतः काढा.