प्रेडिक्टेड ग्रेड देणारी शाळा की वर्किंग ॲट देणारी? दोन्ही बघून झाल्यावर

इंग्लंडमधे नवीन आलेल्या आपल्या लोकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, की ऑफस्टेड (सरकारी तपासणीचा अहवाल) बघून झालं, घरापासूनचं अंतर मोजून झालं, ओपन इव्हनिंगला जाऊन लॅब बघून झाल्या, तरी दोन शाळा उरल्यातच, आता काय बघू. माझं उत्तर जरा विचित्र वाटेल पण मी सांगतो की रिपोर्ट बघा. म्हणजे पोराला जीसीएसईला (इथली दहावी) साधारण काय पडेल हे ती शाळा घरी कसं कळवते ते बघा. इयर टेन-इलेव्हनची (आपली नववी-दहावी) दोन वर्षं तुमच्या घरात जी काही शांतता किंवा भांडणं असणार आहेत ती बरीचशी त्या एका पानावर ठरतात.

आमच्याकडे दोन्ही प्रकार येऊन गेले. थोरली एका शाळेत होती, आणि मग घर बदललं तेव्हा धाकट्याला इयर नाइनमधे दुसरीकडे टाकला. पहिल्याच शाळेत ठेवता आला असता, बस होती. पण मी अडून बसलो, बायकोच्या मते जरा जास्तच. ९ ते १ काय असतं, ९ सगळ्यात वर, ४ ला पास आणि ५ ला स्ट्राँग पास वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

पहिल्या शाळेची पद्धत अशी. टर्मला एकदा ॲपवर पान यायचं, प्रत्येक विषयापुढे एक टार्गेट ग्रेड, एक प्रेडिक्टेड ग्रेड (शेवटच्या परीक्षेला काय पडेल याचा शिक्षकांचा अंदाज), एक एफर्टचा आकडा, आणि चौकटीला रंग. प्रेडिक्टेड टार्गेटइतका किंवा वर असेल तर हिरवा, एकने कमी असेल तर पिवळा, त्याहून खाली लाल. झालं. दुसऱ्या शाळेत प्रेडिक्टेड हा शब्दच रिपोर्टवर नाही. तिथे असतो वर्किंग ॲट, म्हणजे आज पेपर झाला तर हा पोरगा कुठे पडेल, आणि मॉक्सनंतर (शाळेतल्या सराव परीक्षा) प्रत्येक विषयाचा एक कागद घरी येतो त्यावर प्रश्नवार मार्क.

वरवर बघितलं तर पहिली पद्धत सोयीची, आणि मी खोटं नाही बोलणार, पहिलं वर्षभर मलाही आवडली. ऑफिसमधून ट्रेनने येताना ॲप उघडलं, सगळं हिरवं, बंद केलं. शाळेबद्दल तक्रार करायला काही जागाच नाही. आणि प्रेडिक्टेडमधे शिक्षकांचा अंदाज असतो हे खरंच मोलाचं आहे, दहा-पंधरा वर्षं शिकवलेल्या माणसाला कळतं की हा मुलगा डिसेंबरमधे झोपलेला असला तरी मार्चनंतर उठेल, ते कुठल्या पेपरात दिसत नाही. शिवाय सिक्स्थ फॉर्मचा (आपली अकरावी-बारावी, तिथे ए लेव्हल करतात) अर्ज इयर इलेव्हनमधेच भरायचा असतो आणि तिथे प्रेडिक्टेड विचारतातच, गणिताच्या ए लेव्हलला बऱ्याच ठिकाणी ७ मागतात, त्यामुळे आकडा आधीपासून माहीत असलेला बरा पडतो.

पण तो हिरवा रंग. तिथे माझं डोकं फिरलं.

हिरवा कशाच्या मानाने हिरवा? टार्गेटच्या. आणि टार्गेट येतं कुठून? इथे वाढलेल्या मुलांचं सहसा इयर सिक्सच्या सॅट्समधून, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या इंग्रजी-गणिताच्या परीक्षांमधून. १०० म्हणजे अपेक्षेइतकं, ८० ते १२० मधला स्कोअर, त्यावरून अशाच स्कोअरची मुलं पुढे सोळाव्या वर्षी कुठे पोचली हे बघून अंदाज बांधतात. बऱ्याच शाळा हे आकडे एफएफटी नावाच्या, शाळांना असे अंदाज पुरवणाऱ्या संस्थेकडून घेतात, त्यातही एफएफटी ५० की एफएफटी २० असा प्रकार आहे, २० म्हणजे प्रगतीच्या बाबतीत वरच्या २० टक्के शाळांसारखी वाटचाल झाली तर. त्या मूळ अंदाजात प्रत्येक ग्रेडची शक्यता वेगळी दिलेली असते, म्हणजे ६ ची इतकी, ७ ची इतकी, पण घरी येतो तो एकच आकडा. बाकीचं शाळेतच राहतं. आणि गंमत म्हणजे इंग्रजी-गणिताच्या सॅट्सवरून चित्रकलेचंसुद्धा टार्गेट निघतं, पीटीचं पण. कोण विचारणार.

आमची लेक पुण्याहून थेट इयर एटमधे आली. तिच्या सॅट्स नाहीत. मग शाळेने कॅट टेस्ट (बुद्धिक्षमतेची चाचणी) घेतली, ती चार भागांची असते, शब्दांची, आकड्यांची, आकृत्यांची आणि एक स्पेशियल रीझनिंगची (आकार मनात फिरवून बघायची), आणि ती घेतली कधी तर येऊन धड दोन आठवडे नव्हते झाले तेव्हा, जेव्हा वर्गात बाई काय बोलतात ते तिला अर्धं कळत होतं आणि डबा कुठे खायचा तेही माहीत नव्हतं. आकृत्यांत उत्तम, शब्दांत आपटली. साहजिक आहे. त्यावरून टार्गेटं बसली, इंग्रजीला ५, इतिहासाला ५, सायन्सला ५, गणिताला ६.

आता पुढे काय होतं बघा. वर्षभरात पोरीचं इंग्रजी सुधारलं, धडाधड वाचायला लागली, पण टार्गेट तिथेच. प्रेडिक्टेड ५, टार्गेट ५, हिरवं. पुढच्या टर्मला ५, हिरवं. तिसऱ्याला ५, हिरवं. आम्ही खूश, शाळा खूश. पॅरेंट्स इव्हनिंग व्हिडिओवर, एका शिक्षकाला पाच मिनिटं, कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत असतं. सायन्सच्या सरांना मी विचारलं की ५ चा ६ करायला नेमकं कशावर काम करायला हवं. ते म्हणाले, शी इज ऑन ट्रॅक, ऑल ग्रीन, नथिंग टु वरी अबाउट. मी म्हटलं हो पण कुठला धडा, कुठला टॉपिक, आणि स्क्रीन बंद. पाच मिनिटं संपली. मग ईमेल केला तर उत्तर आलं की टार्गेटचा आढावा वर्षातून एकदाच घेतला जातो. सभ्य भाषेत होतं, तक्रार करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्याच वेळी आमच्या ओळखीतल्या एका घरात बरोबर उलटा प्रकार. मुलीला सॅट्समधे ११८ का काहीतरी, त्यामुळे सगळीकडे टार्गेट ९. तिला ७ पडायचे तरी चौकट लाल. ७ म्हणजे जुन्या पद्धतीतला ए हो! ती पोर रिपोर्टच्या दिवशी खोलीचं दार लावून बसायची. म्हणजे ५ वाली हिरवी आणि ७ वाली लाल, आणि दोन्ही घरांत आईबापांना पोराला येतं काय आणि येत नाही काय हे शून्य कळलेलं. रंग पोराबद्दल सांगतच नाही, तो सांगतो की जुना अंदाज आणि नवा अंदाज एकमेकांना जुळले की नाही. दोन्ही अंदाजच.

बरं, शिक्षकांनाही मी दोष देत नाही. एकेकाला शे-दीडशे पोरांचे आकडे एका संध्याकाळी भरायचे असतात, टार्गेट समोरच दिसत असतं, मनुष्यस्वभाव आहे, हात तिकडेच जातो.

दुसरी शाळा बघायला गेलो तेव्हा मी फक्त एवढंच म्हटलं की एखादा रिपोर्ट दाखवाल का, नाव झाकून. त्यांनी नमुन्याचा काढून दिला. धाकट्याच्या वेळी मग तसाच खरा आला, गणिताच्या मॉकचा, तो अजून फ्रीजवर आहे. तीन पेपर, ८० चा एक, मिळून २४०. प्रत्येक प्रश्नाची ओळ, पुढे टॉपिक, किती पैकी, किती मिळाले. त्याला १३१. वर्किंग ॲट ६. खाली शाळेने त्या पेपरला लावलेली सीमा लिहिलेली, ७ ला अजून चौदा मार्क हवे होते. आणि मग वर बघत गेलं की दिसतं, हिस्टोग्राम शून्य, वर्तुळाची प्रमेयं चारपैकी एक, व्हेक्टर्स कोरे, शेवटच्या पानावरचा प्रश्न उघडलेलाच नाही. तेवढ्यातच चौदा निघत होते. मला सांगायची गरजच पडली नाही, त्यानेच पेन घेऊन गोल केले. पॅरेंट्स इव्हनिंगला तिथेही पाच मिनिटंच मिळतात पण ती हिस्टोग्रामवर जातात.

ह्या पद्धतीचे त्रास पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. एक म्हणजे इयर टेनच्या पहिल्या टर्मला वर्किंग ॲट ३ वगैरे येतो आणि घरात सुतक पडतं. अर्धा पोर्शन झालेलाच नसतो हो, त्यामुळे आज पेपर झाला तर ३ च पडणार. शाळेने हे मोठ्या अक्षरात लिहायला हवं, लिहीत नाहीत. दुसरं आपलं टक्क्यांचं वेड. २४० पैकी १३१ म्हणजे पंचावन्न टक्केसुद्धा नाहीत, नाशिकला आजीला फोनवर सांगितलं तर तिकडे दोन मिनिटं कोणी बोललं नाही. इथे हायर (दोन पातळ्यांतल्या अवघड) पेपरला ६० टक्क्यांच्या आसपास ७ मिळून जातो आणि सीमा दर वर्षी, दर बोर्डाला वेगळी, हे तिकडच्या माणसाला समजावणं माझ्याच्याने झालं नाही. आपल्याकडे प्रिलिम मुद्दाम कडक तपासतात आणि बोर्डाला वाढतात असं एक गणित डोक्यात बसलेलं असतं, ते इथे लावू नका, मॉक कडक आहे की ढिला हे शाळेशाळेवर आहे. कुठे मागच्या उन्हाळ्याचाच पेपर वापरतात आणि पोरांना तो आधीच सापडलेला असतो, मग मॉकला ८ आणि जूनच्या खऱ्या परीक्षेला ६.

तिसरं, आणि इथे पहिली शाळा खरंच पुढे आहे, वर्किंग ॲट वाली शाळा पुढचं काही बोलतच नाही. जून मधे काय होईल विचारलं की हसतात. ज्यांना बाप म्हणून एक आकडा लागतोच (मी त्यातला आहे) त्यांना सुरुवातीला फार अस्वस्थ वाटतं. सिक्स्थ फॉर्मच्या अर्जासाठी त्यांनी प्रेडिक्टेड दिले, पण मॉक्स झाल्यावर, त्याच्यावरूनच.

ए लेव्हलचं गणित जरा निराळं आहे म्हणून थोडक्यात. तिथे प्रेडिक्टेडला पर्याय नाही, यूकॅसच्या (युनिव्हर्सिटी प्रवेशाच्या सामाईक) अर्जावर तोच जातो, ऑक्सफर्ड-केंब्रिज आणि मेडिसिनला १५ ऑक्टोबरपर्यंत, आणि युनिव्हर्सिटी ऑफर त्यावरच देते. तिथे शाळा उदार असते. २०१६ मधे यूसीएलच्या (युनिव्हर्सिटी कॉलेज लंडन) एका अभ्यासात निघालं होतं की फक्त १६ टक्के अर्जदारांचे प्रेडिक्शन बरोबर ठरले आणि ७५ टक्क्यांना मिळाले त्याहून जास्त सांगितलेले होते. आणि २०२० मधे परीक्षाच झाल्या नाहीत तेव्हा इंग्लंडमधे ऑफक्वाल या परीक्षांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या अल्गोरिदमने जवळपास ४० टक्के ए लेव्हल निकाल शिक्षकांच्या ग्रेडपेक्षा खाली ओढले, पोरं रस्त्यावर आली, आणि निकालानंतर चारच दिवसांनी, १७ ऑगस्टला, सरकारने माघार घेऊन शिक्षकांचेच ग्रेड धरले. थोडक्यात, हा अंदाज म्हणजे कोणाची तरी इच्छा, कोणाचा तरी हिशोब आणि थोडं वात्सल्य असं मिश्रण असतं. सतराव्या वर्षी ते वात्सल्य फायद्याचं आहे, घ्यावं. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मला तरी ते नको वाटतं, तेव्हा चुकलेला प्रश्न कळलेला बरा.

मुलांच्या स्वभावावर पण आहे म्हणा. माझी लेक तशी आपलीआपण करणारी, ती हिरव्या रंगाच्या भरवशावर नव्हती, तिने शेवटी इंग्रजीला ७ काढला, ५ च्या टार्गेटवर, आणि शाळेने प्रोग्रेस म्हणून तिचा फोटो लावला, असो. ज्यांचं पोर आकडा बघून खचतं त्यांना दर टर्मला कमी-जास्त होणारा वर्किंग ॲट सोसवेल की नाही हे त्यांनीच ठरवावं, अशा एका घरात पहिली पद्धत छान चाललेली मी बघितली आहे. पण तुमचं मूल भारतातून मधेच येत असेल, सॅट्स नसतील, तर माझं मत झुकतं कुठे ते एव्हाना कळलंच असेल. हा प्रश्न फक्त आपल्यापुरता नाही, २०२० आणि २०२१ मधे सॅट्स झाल्याच नाहीत, त्यामुळे २०२५ आणि २०२६ च्या जीसीएसईच्या बॅचमधल्या इथल्या मुलांचीही टार्गेटं शाळांना दुसऱ्या कशावर तरी बसवावी लागली.

ओपन इव्हनिंगला गेलात तर हेडचं भाषण संपल्यावर गणिताच्या किंवा सायन्सच्या टेबलाशी उभ्या असलेल्या शिक्षकांना गाठा, ते खरं बोलतात. टार्गेट कशावरून काढता आणि मधे बदलता का, रिपोर्टवरचा ग्रेड आजचा की जूनचा, मॉकचा पेपर घरी बघायला मिळतो का, आणि हायर की फाउंडेशन हे कधी ठरवता, कारण फाउंडेशनला (सोप्या पातळीच्या पेपरला) बसवला की वरची मर्यादा ५, मग घरी कितीही हिरवं येवो. मधल्या वर्षी शाळा बदलत असाल तर ह्याच्या जोडीला विषयवार परीक्षा बोर्ड जुळतं का तेही त्याच टेबलावर विचारून घ्या, आमच्याकडे जुनी शाळा एक्यूए आणि नवी एडेक्सेल बोर्डाची निघाली आणि इतिहासाचा एक पूर्ण भाग धाकट्याला सुट्टीत बसून नव्याने करावा लागला.