कर्ज मिटवून देणाऱ्या ‘वकिलांना’ मी १,०७,३८० रुपये दिले

आकडा शीर्षकातच लिहिला आहे, कारण घरात तो अजून अर्धाच सांगितलेला आहे. सासूबाईंना वाटतं चाळीसएक हजार गेले. मी एका कारखान्यात अकाउंट्समध्ये काम करते. वर्षानुवर्षं लोकांची बिलं तपासते, पैशाचा फरक निघाला तर परत पाठवते. माझी फसवणूक झाली म्हटल्यावर दीर काय म्हणाले असतील ते लिहीत नाही.

कर्ज कसं झालं हे विचारू नका, म्हणजे विचारा, पण उधळपट्टीमुळे झालेलं नाही. ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन, विम्याने निम्माच क्लेम दिला, मग सहा महिने घरात एकच पगार. पर्सनल लोन ३,४०,०००, एका कार्डावर १,८६,४०० आणि दुसऱ्यावर ९४,७००. एकूण ६,२१,१००. ईएमआय आणि कार्डांची किमान रक्कम मिळून महिन्याला २५,७०५ जायचे आणि माझा पगार ३४,०००. कार्डावर महिना साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावर पुन्हा जीएसटी. किमान रक्कम भरत राहिलं तर मुद्दल जागचं हलत नाही, हे कार्ड वापरणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

अशा वेळी मोबाइलवर जाहिरात येते. ‘कर्जातून कायदेशीर मुक्ती, अनुभवी वकिलांची टीम’. फोनवरची मुलगी आधी मॅम म्हणायची, दुसऱ्या दिवसापासून ताई. तिने माझे तिन्ही आकडे घेतले आणि स्क्रीनवर दाखवलं की पंचेचाळीस टक्क्यांत सगळं मिटेल, २,७९,४९५ रुपयांत. रुपयापर्यंत हिशेब. मी अकाउंट्सची बाई, गोल आकडा असता तर शंका घेतली असती.

योजना तुम्हाला माहीत असेलच. हप्ते भरणं थांबवा, खातं थकू द्या, बँक घाबरते आणि निम्म्यात सेटल करते, तोवर आमची फी भरत राहा. नोंदणीचे ५,९००. मग दरमहा ८,२६० ऑटोपेवर, असे आठ महिने, म्हणजे ६६,०८०. रिकव्हरीवाल्यांचे फोन ‘आमची लीगल टीम घेईल’ म्हणून माझ्या नंबरवर कॉल फॉरवर्डिंग लावायला सांगितलं. ते करू नका. कोणीही, कितीही गोड बोलून सांगितलं तरी करू नका. त्या काळात बँकेच्या माणसाने सवलतीची बोलणी करायला मला फोन केले होते, ते सगळे तिकडे गेले. मला हे नंतर बँकेतच कळलं.

आता ज्या गोष्टीसाठी मला अजून झोप लागत नाही ती.

पहिल्या पावतीवर लिहिलं होतं: कायदेशीर सल्ला शुल्क ५,०००, जीएसटी १८ टक्के ९००. आमच्या कंपनीत वकिलांची बिलं माझ्याच टेबलावर येतात. वकील बिलात जीएसटी लावत नाही. कंपनीला सेवा दिली तर कर कंपनी स्वतः भरते, आणि नोकरदार माणसाने घरगुती कामासाठी वकील केला तर त्या फीवर जीएसटी मुळात माफ आहे. हे मला पाठ आहे. दर महिन्याला मी त्या नोंदी करते. माझ्यासमोर पावती होती आणि ती पावतीच ओरडून सांगत होती की हे वकील नाहीत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. खाली जीएसटी नंबर होता. नावापुढे ‘प्रायव्हेट लिमिटेड’. जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. पॅनचं चौथं अक्षर सांगतं की मालक कोण: कंपनी असेल तर सी, एकटा माणूस असेल तर पी. म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर. तिथे पी होता. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या पावतीवर कुणा एकट्या माणसाचा पॅन. ऑफिसात असं बिल आलं असतं तर मी त्यावर लाल पेनाने गोल करून खरेदी विभागाच्या तोंडावर मारलं असतं. इथे मी ते फोटो काढून फोल्डरमध्ये ठेवलं. फोल्डरला नाव दिलं ‘मुक्ती’.

का लक्ष दिलं नाही? दिलं होतं. पाहिलं आणि पुढे सरकले. ज्यांना वाटतं आपण असं कधी केलं नसतं, त्यांच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर रिकव्हरीवाला येऊन त्यांचं आडनाव मोठ्याने घेऊ दे, मग बोलू. (रिकव्हरीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. मला रात्री साडेनऊला यायचे. तक्रार करता येते हेही मला कोणी सांगितलं नाही, आणि ‘लीगल टीम’ने तर नाहीच.)

हप्ते थांबवल्यावर काय होतं ते जाहिरातीत नसतं. प्रत्येक परत गेलेल्या हप्त्यामागे ५९० रुपये दंड. दोन्ही कार्डं मिळून बाकी १,४६,२५० रुपयांनी वाढली. मग पर्सनल लोनची नोटीस आली, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५. खात्यात पैसे नसल्यामुळे ऑटो डेबिट परत गेलं तर चेक बाउन्ससारखाच गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोन केला तर मुलगी म्हणाली, “ताई, हे सगळ्यांना येतं, फाडून टाका.” नोटीस फाडू नका. उत्तर द्या, खऱ्या वकिलाकडून.

आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत त्यांनी मला शेवटची वस्तू विकली. नादारीचा, म्हणजे कर्ज फेडता येत नाही असं कोर्टाला सांगायचा, अर्ज. ३५,४०० रुपये. म्हणे २०१६ चा नवा कायदा आहे, नादारी व दिवाळखोरी संहिता, त्यात ‘फ्रेश स्टार्ट’ आहे, कोर्ट सगळं कर्ज पुसून टाकतं, पाटी कोरी. व्हिडिओ कॉलवर गळ्यात बँड बांधलेली एक मॅडम होती. मी सनद (वकिलीचा परवाना) क्रमांक विचारला. विचारला होता, हे लक्षात घ्या. “कम्प्लायन्स टीम मेल करेल.” मी पाटल्या गहाण ठेवून पैसे भरले.

आता जे मला नंतर कळलं ते तुम्ही आधीच वाचा. त्या संहितेतला सामान्य माणसाचा भाग छापलेला आहे, पण लागू नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो फक्त अशा लोकांपुरता सुरू आहे ज्यांनी एखाद्या कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली आहे. तुमच्या आमच्या क्रेडिट कार्डाला तो शिवत नाही. आणि तो ‘फ्रेश स्टार्ट’ उद्या लागू झाला तरी त्याची अट वाचा: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, माफ होण्याजोगं कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नसलेलं. ६,२१,१०० वाल्या बाईला ३५,००० ची योजना विकली.

सामान्य माणसाच्या नादारीला आजही इंग्रजांच्या काळातले कायदे आहेत. मुंबई शहरात १९०९ चा, अर्ज उच्च न्यायालयात. बाकी महाराष्ट्रात १९२० चा, अर्ज जिल्ह्याच्या कोर्टात. त्यात मालमत्ता कोर्टाच्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, काम रेंगाळतं आणि फोनवरून तर ते होतच नाही. मला जी पीडीएफ आली तिच्यावर कंपनी कायदा न्यायाधिकरणाचं नाव होतं. नोकरदार बाईच्या कार्डाची थकबाकी तिथे चालत नाही. पानावर केस नंबराच्या जागी त्यांच्याच ऑफिसचा फाइल नंबर. माझी सही कशावरच घेतलेली नव्हती. वडिलांच्या जमिनीच्या वादात साताऱ्याच्या वकिलांनी पहिल्या भेटीत वकीलपत्रावर, म्हणजे वकील नेमल्याच्या कागदावर, सही घेतली होती, नंतर चहा. वकीलपत्र नाही तिथे वकील नाही, एवढं धरून ठेवा. वकिलांना जाहिरात करून पक्षकार गोळा करायची बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, म्हणजे ती जाहिरात हाच पुरावा होता.

मग तक्रारी. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, “ताई, करार तुम्ही केला, पैसे तुम्ही पाठवले, ओटीपी कोणी चोरला नाही. दिवाणी मॅटर आहे.” सायबरला पाठवलं. सायबरवाले म्हणाले हॅकिंग नाही, आर्थिक गुन्ह्यांकडे जा. तिथे रक्कम ऐकून माणूस हसला. खरंच हसला. कोटींच्या खाली ते बघत नाहीत म्हणे, परत चौकीत जा. चौकीत पुन्हा तेच साहेब, अर्जावर आवक शिक्का आणि ‘चौकशी करू’. खोटं बोलून पैसे द्यायला लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली दखलपात्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे मी साहेबांना कागदावर लिहून दाखवलं. म्हणाले, “तुम्ही वकील का?” नाही हो, तेच तर रडगाणं आहे.

बँकिंग लोकपालाची योजना चांगली आहे, फुकट आहे, पण ती बँका, वित्त कंपन्या अशा रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीतल्या संस्थांपुरती. ही मंडळी कर्ज देत नाहीत, ठेवी घेत नाहीत, त्यामुळे ती कोणाच्याच वहीत नाहीत. बार कौन्सिल कारवाई करते ती सनद असलेल्यांवर. जिच्याकडे सनदच नाही तिचं काय काढून घेणार? प्रत्येक खिडकीवर मला पुढच्या खिडकीचा पत्ता मिळाला आणि प्रत्येक ठिकाणी आधी माझीच उलटतपासणी झाली, की एवढं कर्ज केलंतच का. त्या दुकानदारांना हा प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही. पोलिसांनी गुन्हा घेतला नाही तर अर्ज लेखी पोलीस अधीक्षकांकडे (शहरात उपायुक्तांकडे) पाठवा, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये सोय आहे. मला हे त्या खिडक्यांवरच्या एकानेही सांगितलं नाही.

सांगितलं ते जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणातल्या एका कारकून बाईंनी. मी उत्पन्नाचा दाखला शोधत होते. त्या म्हणाल्या, “बाईमाणसाला दाखला लागत नाही.” १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मिळतो. बहुतेक पुरुषांना महाराष्ट्रात तीन लाखांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. फोनवर १५१०० लावला तरी माहिती मिळते. म्हणजे मी १,०७,३८० रुपये भरून जे विकत घेत होते ते मला फुकट मिळणार होतं, खऱ्या सनदेसकट. त्या दिवशी पायऱ्यांवर बसून मी रडले, दुःखाने नाही, संतापाने.

मिळालेल्या वकिलांनी पहिल्या भेटीत वकीलपत्र घेतलं आणि सांगितलं, बँकेशी स्वतः बोला, मी सोबत येतो. बँकेच्या अधिकाऱ्याने त्या कंपनीची पत्रं दाखवली, फुकटच्या ईमेल खात्यावरून पाठवलेली, सगळ्या ग्राहकांना एकच मजकूर, माझ्या पत्रात दुसऱ्याच बाईचं नाव राहिलेलं. धाकटं कार्ड लोकअदालतीत ७०,००० वर मिटलं. तिथे कोर्ट फी नाही आणि निवाड्यावर अपील नाही. मोठ्या कार्डाच्या बाकीचे हप्ते पाडून घेतले, पर्सनल लोनची मुदत वाढवली. सुटका वगैरे काही नाही, फेडतेच आहे. मिटलेल्या कार्डापुढे सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असं सात वर्षं दिसणार, तेव्हा गृहकर्ज काढायचं असेल तर आधी विचार करा. तडजोडीचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर, पैसे फक्त कर्जखात्यात, आणि नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं पत्र) हातात आल्याशिवाय जागचं उठायचं नाही.

कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात दावा टाकला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. नोटीस ‘पत्त्यावर कोणी नाही’ असा शेरा घेऊन परत आली. जाहिरात मात्र चालू आहे, नाव बदललंय, फोनवर ताई म्हणणारा आवाज तोच.

कोणी सध्या अशांना पैसे भरत असेल तर आधी यूपीआय ॲपमध्ये जाऊन ऑटोपे रद्द करा, कॉल फॉरवर्डिंग काढा, मग त्यांच्याशी भांडा. मी आधी भांडले, आणि त्या भांडणाच्या आठवड्यातच शेवटचे ८,२६० कापले गेले.